वैज्ञानिक प्रतिमाने आणि वास्तवाचे स्वरूप

विज्ञानातले प्रतिमान, म्हणजे रोजच्या बोलण्यातले मॉडेल, दोन कामे करते असे धरले जाते. ते गणित जुळवते: ग्रहण कधी लागेल, काचेतून जाताना किरण किती वळेल, धरण किती भार पेलेल. शिवाय या सगळ्यामागे काय आहे तेही ते सांगते: अणू आहेत, क्षेत्रे आहेत, वाकलेला अवकाश आहे. पहिले काम साधले की नाही ते तपासता येते. दुसऱ्याबद्दल दोन हजार वर्षे वाद चालू आहे आणि त्याचे मूळ एकाच प्रश्नात आहे: गणित जुळणे हा चित्र खरे असल्याचा पुरावा मानायचा का?

भारतीय ज्योतिषात ही दोन कामे बऱ्याच अंशी दोन प्रकारच्या ग्रंथांत वाटली गेली होती. सिद्धांतग्रंथ ग्रहगतीची उपपत्ती देत, गोलाची रचना सांगत. करणग्रंथ पंचांगकर्त्याच्या हाती गणिताची सोपी रीत ठेवत. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला आणि त्यात ज्या-चापांचे सगळे गणित टाळून साध्या गुणाकार-भागाकारांवर ग्रह साधून दिले. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शेकडो वर्षे त्यावर होत राहिली. त्या सूत्रांमधल्या प्रत्येक अंकाला आकाशात काही प्रतिरूप आहे असा दावा कोणी केला नाही. दृक्प्रत्यय यावा, म्हणजे गणिताने आलेला ग्रह डोळ्यांना त्याच जागी दिसावा, एवढीच कसोटी होती. कालांतराने तो प्रत्यय येईनासा झाला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांनी नव्या वेधांवर आधारलेले पंचांग पुढे आणले आणि महाराष्ट्रात पंचांगांचा वाद पेटला. तो वाद वेधांचा होता, तसाच धर्मकृत्यांच्या तिथींचाही होता. ग्रहलाघवातली सूत्रे ‘खरी’ की ‘खोटी’, हा प्रश्न त्यात कोणाला पडला नाही, कारण करणग्रंथाला तो विचारायचाच नसतो.

पण सिद्धांतग्रंथांतही अडचण होतीच. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ग्रहाची विषम गती समजावण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ग्रह प्रतिवृत्तावर फिरतो, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीपासून बाजूला सरकलेले आहे अशा वर्तुळावर. दुसरीत तो नीचोच्चवृत्त या छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या छोट्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावर. दोन्हींतून येणारे स्थान एकच. ग्रीकांनाही ही समतुल्यता माहीत होती. टॉलेमी तिचे श्रेय अपोलोनियसला देतो. ग्रह खरोखर कोणत्या वर्तुळावर फिरतो, हे मग वेध घेऊन ठरणार नाही. आकाश जेवढे सांगू शकते तेवढे त्याने सांगून टाकलेले असते.

टॉलेमीच्या चंद्राची गोष्ट याहून बोलकी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ‘अल्माजेस्ट’मध्ये त्याने चंद्राच्या गतीसाठी अशी युक्ती केली की चंद्राचे राशीतले स्थान चांगले जुळावे. त्यासाठी चंद्राला पृथ्वीच्या फार जवळ आणावे लागले. त्याच्या प्रतिमानात चंद्राचे अंतर सुमारे ६४ पृथ्वीत्रिज्यांपासून ३४ पृथ्वीत्रिज्यांपर्यंत बदलते. तसे असते तर अष्टमीच्या सुमाराचे चंद्रबिंब कधी कधी पौर्णिमेच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचे दिसले असते. प्रत्यक्षात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान बिंबात १४ टक्क्यांच्या आसपासच फरक असतो आणि नुसत्या डोळ्यांना तो जाणवतही नाही. अष्टमीचा चंद्र कोणालाही दिसतो. तरीही या विसंगतीने बाराशे वर्षे फारसे कोणाचे काही अडले नाही, कारण प्रतिमानाला प्रश्न विचारला जात होता तो स्थानाचा. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिरने ती दुरुस्त केली.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला, तेव्हा त्याला आंद्रेआस ओसिअँडरने एक निनावी प्रस्तावना जोडली: या गृहीतकांनी खरे असायची गरज नाही, गणित जुळले की पुरे. १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनीही गॅलिलिओच्या पक्षाला जवळपास हाच सल्ला दिला. धर्मसंस्थेने विज्ञानाचे तोंड बंद केले असे या प्रसंगाचे वर्णन सहसा होते. ते अपुरे आहे. बेलार्मिन यांची भूमिका तत्त्वज्ञान म्हणून कच्ची नव्हती. सूर्य स्थिर मानल्याने गणित साधते एवढे दाखवणे आणि सूर्य खरोखर स्थिर आहे हे दाखवणे वेगळे, हे त्यांचे म्हणणे तर्काला धरूनच होते. चूक झाली ती दुसरे कधी दाखवता येणारच नाही असे गृहीत धरण्यात आणि त्या गृहीताला शिक्षेचे बळ देण्यात.

ओसिअँडरचे नाव उघड केले केप्लरने, १६०९ च्या ‘आस्ट्रोनोमिया नोवा’त. त्याच ग्रंथात त्याने या प्रश्नाचे एक उत्तरही कृतीने दिले. मंगळासाठी त्याने वर्तुळावर आधारलेली एक मांडणी बसवली, ती टायको ब्राहेच्या वेधांशी सुमारे दोन कलांच्या आत जुळत होती. टायकोच्या वेधांची अचूकताही साधारण तेवढीच. गणित जुळवणारा कोणीही इथे थांबला असता. केप्लरने त्याच मांडणीतून सूर्यापासून मंगळाचे अंतर काढून पाहिले आणि ते चुकले. अंतर बरोबर यावे म्हणून केंद्र हलवले तर स्थानात आठ कलांची चूक येऊ लागली, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढी. तेवढ्यासाठी त्याने वर्तुळ सोडले आणि शेवटी लंबवर्तुळापर्यंत पोचला. एका प्रश्नाचे बरोबर उत्तर देणाऱ्या प्रतिमानाला त्याने दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला प्रश्न विचारला. पुढच्या सगळ्या चर्चेत ही कृती महत्त्वाची ठरते.

यश आणि सत्य यांच्या नात्याची सर्वांत काटेकोर चर्चा मात्र ज्योतिषात झाली नाही, प्रमाणशास्त्रात झाली. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याच्या आरंभीच हा मुद्दा येतो: ज्ञानाला धरून केलेली प्रवृत्ती सफळ झाली की ते ज्ञान यथार्थ. पाणी समजून तहानलेला गेला, पाणी मिळाले, तहान भागली. मग ज्ञानाबद्दल शंका उरत नाही. हिलरी पुटनम यांनी १९७५ मध्ये विज्ञानाच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद याच वळणाचा आहे: सिद्धांत निदान ढोबळपणे खरे नसतील तर त्यांचे यश हा चमत्कारच मानावा लागेल. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ात या विचाराला सुरुंग लावला. मुठीत किती कवड्या आहेत असे कोणी विचारावे, दुसऱ्याने ‘पाच’ म्हणून ठोकून द्यावे आणि मूठ उघडल्यावर नेमक्या पाचच निघाव्यात. उत्तर बरोबर, पण त्याला ज्ञान म्हणता येत नाही.

वात्स्यायन आणि श्रीहर्ष यांच्या मधली जागा सातव्या शतकातच धर्मकीर्तीने शोधून ठेवली होती. ‘प्रमाणवार्तिक’ात दोन माणसे आहेत. एकाला दुरून मण्याची प्रभा दिसते, दुसऱ्याला दिव्याची. दोघेही त्या उजेडालाच मणी समजून धावतात. दोघांचेही ज्ञान भ्रांतच, कारण उजेड म्हणजे मणी नव्हे. पण पहिल्याला मणी मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. पुढे चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या ध्यानदीप प्रकरणाची सुरुवात याच दृष्टांताने केली आणि पहिल्या प्रकाराला संवादी भ्रम म्हटले. त्यांना त्यातून उपासनेचे सामर्थ्य सांगायचे होते. वैज्ञानिक प्रतिमानांसाठी इतका नेमका दृष्टांत दुसरा क्वचितच सापडेल. प्रतिमान समोर मांडते ते चित्र जसेच्या तसे खरे नसते. तरीही ते वास्तवापासून निघालेल्या उजेडाला धरून असू शकते. प्रश्न उरतो तो एवढाच की धावायच्या आधी, निदान मणी हाती लागायच्या आधी, प्रभा मण्याची की दिव्याची हे ओळखायचे कसे.

हा प्रश्न पुस्तकी नाही, याचा दाखला आधुनिक भौतिकशास्त्रातच आहे. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये अणूचे जे प्रतिमान दिले त्यात इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतून केंद्रकाभोवती फिरतो. शाळेच्या पुस्तकांत अजून तेच चित्र असते. त्यावरून हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा अचूक आल्या. बारकाईने पाहता त्या रेषांमध्ये आणखी बारीक फाटे दिसतात. १९१६ मध्ये आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी लंबवर्तुळाकार कक्षा आणि सापेक्षता धरून त्या फाट्यांचे सूत्र काढले आणि तेही मोजमापांशी जुळले. पुढे कळले ते असे: इलेक्ट्रॉन कक्षेत फिरत नाही, आणि त्या फाट्यांमागे इलेक्ट्रॉनचे स्पिनही आहे, ज्याची १९१६ मध्ये कोणाला कल्पनाच नव्हती. १९२८ मध्ये डिरॅक यांच्या समीकरणातून, पूर्णपणे वेगळ्या पायावरून, ऊर्जापातळ्यांचे सूत्र पुन्हा निघाले. ते सोमरफेल्ड यांचेच होते. चित्र चुकीचे, त्यात एक कारण सरळ गाळलेले, आणि सूत्र शेवटच्या अक्षरापर्यंत तेच. चुका एकमेकींना छेदून गेल्या म्हणून असे झाले. हा श्रीहर्षाच्या कवड्यांचा प्रकार मानायचा की धर्मकीर्तीच्या प्रभेचा? दोन्हींचा थोडाथोडा, असेच म्हणावे लागते: सापेक्षता आणि पुंजीकरण हे दुवे खरे होते, कक्षा खोट्या होत्या, आणि स्पिनविना सूत्र बरोबर येणे हे दैव.

लॅरी लाउडन यांनी १९८१ मध्ये अशा उदाहरणांची यादीच पुढे ठेवली. उष्णता म्हणजे कॅलोरिक नावाचा द्रव, प्रकाश म्हणजे ईथरमधली लाट. हे सिद्धांत आपापल्या काळी यशस्वी होते आणि आज ते द्रव आणि ते ईथर दोन्ही नाहीत. मग आजचे यश कशाची हमी? एकाच माणसाच्या चरित्रातही हे दिसते. युरेनसच्या गतीतल्या विसंगतीवरून उर्बँ ल व्हेरिए याने एका अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाले याला नेपच्यून त्या जागेपासून अंशभराच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतल्या विसंगतीसाठी ल व्हेरिएने तीच रीत वापरली आणि १८५९ मध्ये बुधाच्याही आत आणखी काही वस्तुमान असले पाहिजे असे सांगितले. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले. ग्रह मात्र नव्हता. बुधाच्या कक्षेची शतकाला ४३ विकलांची ती उरलेली गती १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांताने सोडवली. दोन्ही वेळी तर्क एकाच घडणीचा होता. नुसता तर्क पाहून कोणता उजेड कशाचा हे सांगता आले नसते.

मणी ओळखण्याची एक रीत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणूंच्या बाबतीत डोळ्यांसमोर घडली. जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये रासायनिक अणुवाद मांडला, तरी शतकभर अनेक रसायनज्ञ त्याकडे हिशेबाची सोय म्हणून पाहत होते. एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्यांना अणू मानणे ही अनावश्यक कल्पना वाटे. त्यांचे म्हणणे हट्टाचे नव्हते. अणू कोणी पाहिलेला नव्हता आणि उष्णतेचे नियम अणूंविनाही मांडता येत होते. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीतून रेणूंची संख्या मोजता यावी. पॅरिसमध्ये झाँ पेराँ यांनी ते मोजायला घेतले. त्यांनी वापरला गँबोज, कोकमाच्याच कुळातल्या झाडाचा पिवळा चीक. तो पाण्यात घोटून, सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून एकसारख्या आकाराचे कण वेगळे करायचे. किलोभर गँबोजवर काही महिने मेहनत करून हाती कामाचा माल ग्रॅमच्या काही दशांशांएवढा येई.

मग हे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या पातळ थरात ठेवून वेगवेगळ्या उंचीवर मोजायचे. हवा जशी वर जावे तशी विरळ होते, तसे हे कणही विरळ व्हायला हवेत, कारण पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देतात आणि वजन त्यांना खाली ओढते. हवा निम्मी विरळ व्हायला साडेपाच-सहा किलोमीटर चढावे लागते. इथे मिलिमीटरचे काही शतांश पुरत. तळापासून ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉनवर कणांचे प्रमाण आले १००, ४७, २२.६ आणि १२. सिद्धांताप्रमाणे यायला हवे होते १००, ४८, २३ आणि ११.१. यातून अॅव्होगॅड्रोचा अंक निघतो, म्हणजे एका ग्रॅम-रेणूत किती रेणू असतात तो आकडा.

या एका प्रयोगाने कोणी मन बदलले नसते. १९१३ च्या ‘लेझातोम’ या पुस्तकात पेराँ यांनी तोच अंक तेरा वेगवेगळ्या वाटांनी काढून एका तक्त्यात मांडला: वायूंची श्यानता, कणांची थरथर, आकाशाचा निळेपणा, तापलेल्या वस्तूचे उत्सर्जन, विद्युतभार, किरणोत्सार. उत्तरे बहुतेक ६ ते ७.५ च्या मध्ये, पुढे तेवीस शून्यांच्या घरात. आज ठरलेली किंमत आहे ६.०२२. आकाश निळे का आणि रेडियममधून हेलियम किती सुटतो, या प्रश्नांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. रेणू नसते तर त्या दोन्हींतून तोच अंक निघण्याचे कारण काय? ओस्टवाल्ड यांनी पुस्तक छापून होण्याआधीच अणू मान्य केले होते. गणितज्ञ पोआंकारे यांनीही केले. माख यांचे समाधान झाले नाही. पेराँ यांना १९२६ चे नोबेल मिळाले.

पुटनम यांच्या युक्तिवादापेक्षा हा पुरावा बळकट आहे, कारण त्यात नुसते यश नाही. एकमेकांशी संगनमत करू न शकणारे साक्षीदार इथे एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. सोमरफेल्ड यांच्या कक्षांना असा दुसरा साक्षीदार नव्हता, व्हल्कनला नव्हता, टॉलेमीच्या चंद्राला होता आणि तो विरुद्ध बोलत होता. बास व्हान फ्रासेन यांच्यासारखे विचारवंत यावरही मान डोलावत नाहीत. १९८० मध्ये त्यांनी मांडलेली भूमिका अशी की सिद्धांत स्वीकारणे म्हणजे दिसणाऱ्या गोष्टींबाबत तो बरोबर आहे एवढेच मानणे. न दिसणाऱ्यांबद्दल मौन बाळगायला काहीच हरकत नाही. ही भूमिका तर्काने खोडता येत नाही. पण दिसणे आणि न दिसणे यांच्यातली रेघ माणसाच्या डोळ्यांच्या मर्यादेवर ओढलेली आहे आणि वास्तवाने ती मानावी असे काही नाही.

जुने सिद्धांत गेले तेव्हा नेमके काय गेले आणि काय राहिले, हे पाहिले तर लाउडन यांच्या यादीचीही धार थोडी कमी होते. फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात काचेवर पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परावर्तित होतो याची सूत्रे काढली, ईथरला लवचीक पदार्थ मानून. मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून तीच सूत्रे निघतात आणि आजही चष्म्याच्या काचेवरचा लेप त्यांवरच बेतला जातो. ईथर गेला, संबंध राहिले. पोआंकारे यांनी १९०२ मध्ये हे नोंदवले होते. १९८९ मध्ये जॉन वॉरल यांनी त्यावर रचनात्मक वास्तववाद उभा केला. प्रतिमान वास्तवातल्या गोष्टींचे नाते पकडते. त्या गोष्टी काय आहेत याबद्दलचे त्याचे चित्र बदलत राहते.

काही प्रतिमाने तेवढाही दावा करत नाहीत. अणुकेंद्रकाला कधी द्रवाचा थेंब मानतात, कधी कवचांमध्ये स्वतंत्र फिरणाऱ्या कणांचा समूह. पहिल्यावरून बोर आणि व्हीलर यांनी १९३९ मध्ये विखंडन समजावले, दुसऱ्याला १९६३ चे नोबेल मिळाले, आणि दोन्ही चित्रे एकाच वेळी अक्षरशः खरी असू शकत नाहीत. मान्सूनच्या अंदाजाचे उदाहरण वेगळ्या कारणाने शिकवणारे आहे. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून हवामान खाते सोळा घटकांचे सांख्यिकी प्रतिमान वापरत असे. ते संबंधांवर चालत होते, यंत्रणेवर नाही. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पाऊस पडला ८१ टक्के आणि देशात दुष्काळ पडला. पुढच्या वर्षी प्रतिमान बदलावे लागले. कारणापर्यंत न पोचलेला संबंध कधी सुटेल याची सूचना प्रतिमानाच्या आत नसते.

पुंजयामिकीत, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समध्ये, हा प्रश्न सगळ्यात अवघड होऊन बसतो. सिद्धांताचे गणित निर्विवाद आहे. ट्रान्झिस्टर आणि लेझर त्यावर चालतात. पण ते गणित कशाबद्दल आहे? श्रोडिंगर यांचे तरंगफल एका कणासाठी तीन मितींत बसते. दोन कणांसाठी सहा मिती लागतात, दहा कणांसाठी तीस. अशा अवकाशातली लाट म्हणजे पाण्यावरच्या लाटेसारखी वस्तू की नुसते हिशेबाचे साधन? बोर यांच्या परंपरेत मापनाआधी इलेक्ट्रॉन कुठे होता हे विचारणेच गैर. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत प्रत्येक कणाला कायम ठरावीक जागा असते आणि तरंग त्याला वाट दाखवतो. ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत मापनातली सगळीच उत्तरे घडतात, वेगवेगळ्या शाखांत. तीन पूर्णपणे वेगळी जगे, आणि नेहमीच्या प्रयोगांत अपेक्षित आकडे तेच.

म्हणून पुंजयामिकीतून वास्तवाबद्दल काहीच कळत नाही असे नाही. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवले की दूरच्या मापनाचा परिणाम तत्काळ इथे पोचत नाही आणि कशाचे मापन करायचे ही निवड स्वतंत्र आहे, एवढे मानून कणांचे गुणधर्म आधीच ठरलेले धरले, तर सहसंबंधांना एक कमाल मर्यादा येते. क्लाउझर, अॅस्पे आणि इतरांच्या प्रयोगांत ती ओलांडली गेली. २०१५ मध्ये उरलेल्या मुख्य पळवाटाही बंद झाल्या आणि २०२२ चे नोबेल या कामाला मिळाले. जग काय आहे ते यातून ठरले नाही. ते एका विशिष्ट प्रकारचे नाही, हे मात्र ठरले, आणि तेही पुढे येणाऱ्या कोणत्याही सिद्धांतावर बंधनकारक राहील अशा रीतीने.

याच अनिश्चिततेचा फायदा घेऊन पुंजयामिकीने अद्वैत सिद्ध केले असे सांगणारी पुस्तके मराठीतही भरपूर निघतात. श्रोडिंगर यांना उपनिषदांची ओढ होती हे खरे, पण त्यांचे समीकरण उपनिषदांतून निघालेले नाही आणि ते पटण्यासाठी उपनिषदे मानावी लागत नाहीत. अद्वैताची सत्याची कसोटीच निराळी आहे: जे तिन्ही काळी बाधित होत नाही ते पारमार्थिक सत्य. या कसोटीवर कोणतेही वैज्ञानिक प्रतिमान व्यावहारिक पातळीवरच राहते, पुंजयामिकीही. तिचा दाखला देऊन ब्रह्म सिद्ध करणे हे वेदान्ताच्या दृष्टीनेही उलटे आहे. शिवाय विज्ञानातला बदल दोरीवरच्या सापासारखा नसतो. दोरी दिसली की साप सगळाच्या सगळा जातो, त्याचे शेपूटही शिल्लक राहत नाही. आइन्स्टाइन आल्यावर न्यूटन तसा गेला नाही. मंद वेग आणि दुबळे गुरुत्व असेल तिथे त्याची समीकरणे नव्या समीकरणांतूनच निघतात आणि अवकाशयानांचे बरेचसे मार्ग अजून त्यांवरच आखले जातात. बाध होतो तो चित्राचा; नाती आणखी मोठ्या नात्यांत सामावली जातात.

नाती कळली तरी ज्यांच्यामध्ये ती आहेत त्या गोष्टींचे स्वतःचे स्वरूप कळले का? बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले. विद्युतभार म्हणजे काय, तर दुसऱ्या भाराला ढकलणारे किंवा ओढणारे. वस्तुमान म्हणजे काय, तर वेग बदलायला विरोध करणारे. भौतिकशास्त्र प्रत्येक गोष्ट ती काय करते यावरून सांगते; ती आतून काय आहे याची जागा समीकरणांत रिकामी असते. पुढच्याच वर्षी गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांनी अडचण दाखवली: फक्त रचनाच कळते असे म्हटले तर जवळजवळ काहीच कळत नाही, कारण पुरेशा संख्येने वस्तू असल्या की त्यांच्यावर हवी ती रचना कल्पिता येते. रसेल यांनी ही हरकत मान्य केली. ती टाळायची तर ती नाती नुसती कागदावरची नसून कार्यकारणाची आहेत, उपकरणाचा काटा हलवणारी आहेत, हे जोडावे लागते. आणि पेराँ यांच्या तक्त्यात नेमके तेच होते.

दुसरी वाट अशी की आतले स्वरूप असे काही नाहीच. गोष्टींना स्वभाव नाही, त्या परस्परांवर अवलंबून आहेत, हा नागार्जुनाचा ‘मूलमध्यमककारिके’तला पक्ष; त्याच्या मागे मुक्तीचा प्रश्न होता, भौतिकाचा नव्हे. पण नात्यांनाच मूळ मानणारे आजचे काही भौतिकशास्त्राचे तत्त्वज्ञ याच दिशेने जातात. तसे असेल तर प्रतिमानांना आतले स्वरूप दाखवता येत नाही हा त्यांचा दोष ठरत नाही. या बाजूला एक ठोस आधार आहे, आणि त्याची सुरुवात सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्यात केली. दोन कण दोन खान्यांत ठेवायचे तर रीती किती? गोट्या असतील तर चार: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, पहिली डावीकडे नि दुसरी उजवीकडे, आणि याच्या उलट. प्रकाशकणांसाठी बोस यांच्या पद्धतीने मोजल्या तर तीनच, कारण ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ हा भेदच तिथे नसतो, आणि तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचे प्लांक यांचे सूत्र तीन मोजल्यावरच निघते. कणाला स्वतःची ओळख देणारे असे काही आतले असते तर चार मोजावे लागले असते, असे या पक्षाचे म्हणणे. बोम यांच्या मांडणीचे समर्थक ते मान्य करत नाहीत. त्यांच्या मते इलेक्ट्रॉनसारख्या प्रत्येक कणाला स्वतःची जागा आणि स्वतःची वाट असते. त्यांना एकसारखे वागवते ते तरंगफल, आणि मोजणी तशी येते ती त्यामुळे.